ड्रायव्हर, संगणकीय

संगणकाला जोडलेल्या एखाद्या उपकरणाकडून काम कसे करून घ्यावयाचे, हे परिचालन प्रणालीला, म्हणजे विंडोज, लिनक्स यांसारख्या मूळ आज्ञावलीला, समजावून देणाऱ्या लहान आज्ञावलीस ड्रायव्हर किंवा चालक आज्ञावली असे म्हणतात. ‘हे पान छापावयाचे आहे’ एवढेच परिचालन प्रणालीला ठाऊक असते. त्या पानाचे कोणत्या संकेतांत रूपांतर करून ते प्रिंटरकडे धाडावयाचे, कागद संपल्याचा इशारा कोणत्या तारेवरून येतो, तो आल्यावर काय करावयाचे, या गोष्टी प्रत्येक उत्पादकाच्या प्रत्येक यंत्रात निराळ्या असतात व त्या केवळ ड्रायव्हरला माहीत असतात. ड्रायव्हरची एक बाजू उपकरणाला व दुसरी परिचालन प्रणालीला भिडलेली असल्यामुळे यांपैकी कोणत्याही बाजूस बदल झाला, की ड्रायव्हरही बदलावा लागतो. यालाच ड्रायव्हर अद्ययावत करणे म्हणतात.

या रचनेतून एक चमत्कारिक परिस्थिती उद्‍भवते. उपकरण झिजलेले किंवा बिघडलेले नसते, तरीही त्याचा नवा ड्रायव्हर कोणी लिहिला नाही म्हणून ते टाकून द्यावे लागते. यंत्राचे आयुष्य त्याच्या घडणीवर अवलंबून न राहता उत्पादकाच्या इच्छेवर अवलंबून राहते. महाराष्ट्रात या प्रश्नात देवनागरी लिपीचा प्रश्नही मिसळला आणि त्यामुळे ड्रायव्हरचा येथील इतिहास पाश्चात्त्य देशांतील इतिहासाहून काहीसा वेगळा झाला. या दृष्टीने रामटेकसारखे तालुक्याचे ठिकाण पाहण्याजोगे आहे. नागपूरच्या ईशान्येस सु. ५० किमी. अंतरावरील या तीर्थक्षेत्री १९८५ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय व १९९७ मध्ये संस्कृत विद्यापीठ स्थापन झाले. तहसील कचेरी व तिच्याशी निगडित सेवा तर तेथे आहेतच. तांत्रिक शिक्षण, देवनागरीतील लेखन आणि शासकीय कामकाज हे संगणकाचे तीन निरनिराळे वापर अशा रीतीने एकाच लहान गावात एकत्र आले आहेत.

प्रारंभीचा काळ : पहिल्या संगणकांत ड्रायव्हर अशी स्वतंत्र वस्तू नव्हती. आज्ञावली लिहिणाराच कार्ड-वाचक, चुंबकीय फीत व मुद्रक यांच्या हालचालींच्या सूचना आपल्या आज्ञावलीत लिहीत असे. हे तेच ते काम वाचविण्यासाठी आयबीएम कंपनीने १९६० च्या सुमारास आदान-प्रदान नियंत्रणाच्या आज्ञावलींचा तयार संच आपल्या ग्राहकांना पुरविण्यास आरंभ केला. बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून विकसित झालेल्या युनिक्स प्रणालीत प्रत्येक उपकरण एखाद्या फाइलीसारखे मानण्याची कल्पना रूढ झाली. उपकरणांचे वेगळेपण ड्रायव्हरमध्ये कोंडून ठेवावयाचे आणि इतर सर्व आज्ञावलींना ते दिसूच द्यावयाचे नाही, हे तत्त्व त्यामुळे पक्के झाले. लहान संगणकांच्या बाबतीत गॅरी किल्डॉल यांनी सीपी/एम या प्रणालीत यंत्रसापेक्ष भाग ‘बायॉस’ या नावाने अलग काढला. प्रणाली नव्या यंत्रावर न्यावयाची झाल्यास तेवढाच भाग पुन्हा लिहावा लागे.

ड्रायव्हर कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न याच सुमारास प्रथम उपस्थित झाला. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेस झेरॉक्स कंपनीकडून एक लेसर प्रिंटर मिळाला होता. त्यात कागद वरचेवर अडके. तसे घडताच वापरणाऱ्यांना सूचना मिळावी अशी सुधारणा रिचर्ड स्टॉलमन यांना करावयाची होती. परंतु प्रिंटर चालविणाऱ्या आज्ञावलीचा मूळ मजकूर त्यांना नाकारण्यात आला. १९८३ साली त्यांनी मुक्त आज्ञावलींची जी चळवळ आरंभिली, तिच्या कारणांत या प्रिंटरचा उल्लेख ते स्वतः नेहमी करतात.

व्यक्तिगत संगणक : आयबीएम कंपनीचा व्यक्तिगत संगणक ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आला. त्याच्यासाठी असलेल्या डॉस प्रणालीच्या १९८३ मधील दुसऱ्या आवृत्तीपासून वापरणाऱ्याला स्वतः ड्रायव्हर बसविण्याची सोय झाली. त्यासाठी ‘कॉन्फिग.सिस’ नावाच्या फाइलीत त्या ड्रायव्हरचे नाव लिहून यंत्र पुन्हा सुरू करावे लागे. भारतात नोव्हेंबर १९८४ मधील नव्या संगणक धोरणाने आयातीवरील निर्बंध सैल केल्यावर असे संगणक कचेऱ्यांत व महाविद्यालयांत दिसू लागले. रामटेक मतदारसंघातून १९८४ व १९८९ मध्ये लोकसभेवर निवडून गेलेले आणि पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव यांनी वयाच्या पासष्टीच्या सुमारास संगणक स्वप्रयत्नाने शिकून घेतला. एवढेच नव्हे, तर कोबोल व बेसिक या आज्ञावली-भाषाही आत्मसात केल्या. त्या काळी संगणक वापरणे व तो जुळविणे या दोन गोष्टींत फारसे अंतर नव्हते, हे ध्यानात घेता ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे.

डॉसच्या काळात प्रिंटरचे ड्रायव्हर परिचालन प्रणालीत नसत. ते शब्दलेखनाच्या किंवा हिशेबाच्या आज्ञावलीत असत. परिणामी एकाच प्रिंटरसाठी प्रत्येक आज्ञावलीत वेगळा ड्रायव्हर निवडावा लागे. भारतात तयार होणारे सुयांचे प्रिंटर बहुधा एप्सन कंपनीचे संकेत पाळीत, त्यामुळे यादीत आपल्या यंत्राचे नाव न सापडल्यास ‘एप्सन’ निवडावे, असा अलिखित नियमच पडून गेला होता. नवी कार्डे बसविणे याहून कटकटीचे असे. प्रत्येक कार्डाला प्रक्रियकाचे लक्ष वेधण्यासाठी एक क्रमांकित इशारा-रेषा लागते. या रेषा मोजक्याच होत्या आणि कार्डावरील बारीक टोप्या हलवून त्या ठरवाव्या लागत. प्रिंटर व ध्वनी-कार्ड दोघांनीही सातवी रेषा धरली, की दोहोंपैकी एक मुके होई. शिवाय ड्रायव्हर ६४० किलोबाइटांच्या मर्यादित स्मृतीत जागा अडवीत. ते त्या मर्यादेच्या वर चढविण्याची सोय १९९१ मधील डॉसच्या पाचव्या आवृत्तीत झाली.

देवनागरीचा प्रश्न : इंग्रजी अक्षरांची रूपे संगणकाच्या पडद्याच्या कार्डात व प्रिंटरमध्ये कायमची कोरलेली असत. देवनागरीची रूपे कोठेच नव्हती. शिवाय देवनागरीत अक्षरे एकापुढे एक मांडून भागत नाही. ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी येतो, रफार पुढील अक्षराच्या डोक्यावर जातो, जोडाक्षरांत रूप बदलते. म्हणून कळफलक, पडदा व प्रिंटर या तिन्ही उपकरणांच्या बाबतीत मराठीला स्वतःचे ड्रायव्हर हवे होते. इंग्रजीत काम करणाऱ्याला ड्रायव्हर बिघडल्यास एखादे उपकरण गमवावे लागे; मराठीत काम करणाऱ्याला लिपीच गमवावी लागे.

या दिशेने पहिले भरीव काम कानपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत झाले. तेथे विकसित झालेले ‘जिस्ट’ तंत्र १९८८ मध्ये पुणे येथे स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) पुढे नेले. जिस्ट कार्ड संगणकाच्या मदरबोर्डावरील खाचेत बसविले, की डॉसवरील इंग्रजीसाठी लिहिलेल्या आज्ञावलींतही भारतीय लिपी उमटत. आज्ञावलीला केवळ संकेतांक दिसत, अक्षरजुळणी कार्ड करी. कोणत्या अक्षराला कोणता संकेतांक द्यावयाचा, हे ‘इस्की’ या संकेतप्रणालीने ठरविले आणि भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये तिला मानकाचा दर्जा दिला (मानक १३१९४). ‘इनस्क्रिप्ट’ ही कळफलकाची मांडणीही याच मानकात समाविष्ट आहे. छपाईसाठी मात्र प्रिंटरला अक्षरांऐवजी ठिपक्यांचे चित्र पाठवावे लागे. त्यामुळे मराठी पान इंग्रजी पानापेक्षा पुष्कळ सावकाश छापले जाई, आणि नऊ सुयांच्या प्रिंटरवर मात्रा व अनुस्वार स्पष्ट उमटतच असे नाही. चोवीस सुयांचा प्रिंटर ही मराठी कचेरीची चैन नसून गरज होती.

विंडोज प्रणालीची तिसरी आवृत्ती १९९० मध्ये आली व पुढील काही वर्षांत भारतात पसरली, तशी ही सगळी व्यवस्था कोलमडली. विंडोजमध्ये पडद्यावरील प्रत्येक अक्षर हे चित्र असते. त्यामुळे डॉसच्या अक्षर-पडद्यासाठी असलेल्या कार्डाला तेथे करण्याजोगे काम उरले नाही. कालांतराने नव्या मदरबोर्डावर जुन्या धर्तीच्या खाचाही राहिल्या नाहीत. कार्ड सुस्थितीत, पण बसविण्यास जागा नाही व ड्रायव्हरही नाही, अशी अवस्था झाली.

कार्डाची जागा निरनिराळ्या कंपन्यांच्या टंकांनी (फाँट) घेतली. श्री-लिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम अशा संचांत टंकाबरोबर कळफलकाचा ड्रायव्हरही येत असे. छपाईचा प्रश्न येथे सुटला. कारण अक्षराचे चित्र विंडोजच काढी व कोणत्याही प्रिंटरचा ड्रायव्हर ते निमूटपणे छापी. परंतु दुसरा प्रश्न निर्माण झाला. प्रत्येक कंपनीने अक्षरांच्या तुकड्यांना आपापले क्रमांक दिले. एका संचात लिहिलेला मजकूर दुसऱ्यात उघडला, की अर्थहीन चिन्हांची रांग दिसे. अनधिकृत नकला रोखण्यासाठी काही संचांबरोबर प्रिंटरच्या जोडणीत खोचावयाची कुलूपवजा वस्तू दिली जाई व तिलाही ड्रायव्हर लागे. विंडोज बदलली आणि या कुलपाचा ड्रायव्हर चालेनासा झाला, तर विकत घेतलेला संच व त्यात लिहिलेला मजकूर दोन्ही अडकून पडत. छापखाने व वृत्तपत्रे जुने संगणक वर्षानुवर्षे जपून का ठेवीत, याचे एक कारण हे आहे. त्यांना जुन्या गोष्टींची आवड होती असे नव्हे.

रामटेक येथील कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ १९९७ मध्ये स्थापन झाले ते नेमके या गोंधळाच्या काळात. संस्कृतच्या बाबतीत अडचण अधिकच होती; कारण मराठीत न लागणारी लांबलचक जोडाक्षरे व वैदिक स्वरचिन्हे तिला हवीत आणि व्यापारी संचांना त्यांत फारसे स्वारस्य असण्याचे कारण नव्हते. यावर उतारा निघाला तो चांगल्या ड्रायव्हरमुळे नव्हे, तर समाईक मानकामुळे. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच इस्कीच्या आधारे देवनागरीचा समावेश झाला होता. विंडोज २००० मध्ये देवनागरीची जुळणी परिचालन प्रणालीच करू लागली. २००१ मधील विंडोज एक्सपीतही ही सोय मुळात बंद असे व मूळ सीडी घालून ती सुरू करावी लागे. २००७ मधील विंडोज व्हिस्टापासून मात्र ती आपोआप उपलब्ध झाली. वैदिक चिन्हांचा विस्तृत संच युनिकोडमध्ये २००९ साली आला. लिपी अशा रीतीने ड्रायव्हरच्या तावडीतून सुटली. जुन्या टंकांतील मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम मात्र रूपांतरक आज्ञावलींच्या साहाय्याने अद्यापि करावे लागते.

अद्ययावतीकरणाची पद्धती : नवे उपकरण जोडताच ते ओळखून योग्य ड्रायव्हर शोधण्याची सोय ऑगस्ट १९९५ मधील विंडोज ९५ ने आणली. प्रारंभी ती इतकी बेभरवशाची होती, की तिची पुष्कळ चेष्टा झाली. १९९६ मधील यूएसबी जोडणीने इशारा-रेषा व टोप्या यांची कटकट संपविली. शिवाय कळफलक, माउस, पेनड्राइव्ह अशा उपकरणांचे वर्ग ठरवून प्रत्येक वर्गासाठी एकच सर्वसाधारण ड्रायव्हर पुरेसा केला. ज्या उपकरणांचा वर्ग ठरला, त्यांच्या बाबतीत ड्रायव्हरची चिंता जवळजवळ मिटली. विंडोज ९८ पासून इंटरनेटवरून ड्रायव्हर मिळू लागले.

तालुक्याच्या गावी हा शेवटचा मार्ग पुष्कळ काळ कागदावरच होता. सुटे भाग आणून जुळविलेल्या संगणकाबरोबर ड्रायव्हरची एक सीडी येई, ती बहुधा हरवे. परिचालन प्रणाली नव्याने बसविल्यावर, म्हणजे रूढ भाषेत संगणक ‘फॉरमॅट मारल्यावर’, आवाज येईनासा होई, पडद्यावरील अक्षरे बेढब मोठी दिसत आणि इंटरनेट जोडता येत नसे. इंटरनेटवरून ड्रायव्हर घ्यावा, तर इंटरनेटच्या जोडणीचाच ड्रायव्हर नाही, हा पेच अनेकांच्या परिचयाचा आहे. दुसऱ्या संगणकावरून तो पेनड्राइव्हवर आणणे हाच यावरील उपाय होय. मदरबोर्डाचा ड्रायव्हर प्रथम, नंतर इतरांचे, हा क्रमही महत्त्वाचा असतो.

परिचालन प्रणालीच्या मोठ्या स्थित्यंतरांत असंख्य उपकरणे बाद झाली. विंडोज ९८ साठीचे पुष्कळ ड्रायव्हर एक्सपीत चालेनात. व्हिस्टाने पडद्याच्या ड्रायव्हरची रचनाच बदलली. ३२ बिटांचा ड्रायव्हर ६४ बिटांच्या विंडोजमध्ये मुळीच चालत नाही. लिनक्समध्ये याउलट बहुतेक ड्रायव्हर परिचालन प्रणालीच्या गाभ्यातच समाविष्ट असून त्या गाभ्याच्या मजकुराचा निम्म्याहून अधिक भाग त्यांनीच व्यापला आहे. गाभा बदलणारेच ते दुरुस्त करीत असल्यामुळे विंडोजने वाऱ्यावर सोडलेली जुनी उपकरणे लिनक्सवर अनेकदा सुरळीत चालतात. मात्र उत्पादकाने आपल्या उपकरणाची माहिती दडवून ठेवल्यास तेथेही इलाज चालत नाही.

दोष व सुरक्षितता : ड्रायव्हर परिचालन प्रणालीच्या अगदी अंतर्भागात काम करतो. सामान्य आज्ञावली चुकली तर ती एकटी बंद पडते. ड्रायव्हर चुकला तर सबंध संगणक बंद पडतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात २००१ मध्ये झालेल्या एका अभ्यासात लिनक्सच्या ड्रायव्हरांतील चुकांचे प्रमाण गाभ्याच्या इतर भागांच्या तीन ते सात पट आढळले. म्हणून ६४ बिटांच्या व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने अंतर्भागातील ड्रायव्हरवर उत्पादकाची डिजिटल स्वाक्षरी सक्तीची केली. ही तटबंदीही अभेद्य नव्हती : २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक आज्ञावलीच्या ड्रायव्हरवर दोन नामांकित कंपन्यांच्या चोरलेल्या स्वाक्षऱ्या होत्या. प्रिंटरच्या यंत्रणेतील एक गंभीर दोष २०२१ मध्ये आढळल्यावर ड्रायव्हर बसविण्याचा अधिकार प्रशासकापुरता मर्यादित झाला, आणि कचेरीतील समाईक प्रिंटर जोडतानाही संकेतशब्द मागितला जाऊ लागला. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या ड्रायव्हरकडे गेलेल्या एका सदोष माहिती-फाइलीमुळे जगभरातील सु. ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले; भारतातील काही विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र देण्यात आले.

यामुळे सुरळीत चाललेला ड्रायव्हर केवळ नवी आवृत्ती आली म्हणून बदलू नये, हा जुन्या जाणकारांचा सल्ला सुरक्षेशी संबंधित दुरुस्त्या वगळता आजही योग्य आहे. नवा ड्रायव्हर त्रासदायक ठरल्यास मागील आवृत्तीकडे परत जाण्याची सोय विंडोज एक्सपीपासून उपलब्ध आहे. ‘तुमचे सर्व ड्रायव्हर एका कळीसरशी अद्ययावत करतो’ असे सांगणाऱ्या अनोळखी आज्ञावलींपासून दूर राहणेच इष्ट होय.

शासकीय सेवांतील ड्रायव्हर : आधार क्रमांकाच्या वाटपास सप्टेंबर २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी आरंभ झाला, तेव्हापासून बोटांचे ठसे घेणारे यंत्र खेड्यापाड्यांत पोहोचले. निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला अशा यंत्रावर देण्याची ‘जीवन प्रमाण’ योजना नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाली. २०१७ पासून ठसा यंत्रातच सांकेतिक रूपात बंदिस्त व्हावा, असा नियम लागू झाला. त्यामुळे ड्रायव्हरबरोबरच उत्पादकाने पुरविलेली, यंत्राची नोंदणी तपासणारी आणखी एक आज्ञावली संगणकावर सतत चालू असावी लागते. सात-बारा उताऱ्यांवर महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरी आली. ती ज्या यूएसबी कुपीत असते, त्या कुपीलाही स्वतःचा ड्रायव्हर लागतो.

कळफलक किंवा पेनड्राइव्ह यांप्रमाणे या दोन्ही उपकरणांसाठी सर्वांना पुरेसा ठरेल असा समाईक ड्रायव्हर व्यवहारात रूढ झालेला नाही. विंडोजच्या एखाद्या अद्ययावतीकरणानंतर ठशाचे यंत्र ओळखले गेले नाही, तर रामटेक तालुक्यातील सेवा केंद्रावर आलेल्या वृद्धाला दाखल्याविना परत जावे लागते, आणि यंत्र बिघडले नसून ड्रायव्हर जुना आहे, हा खुलासा त्याच्या काही उपयोगाचा नसतो. केंद्रचालकाला उत्पादकाच्या संकेतस्थळावरून नवी आवृत्ती घेण्यावाचून गत्यंतर नसते. उत्पादकाने त्या नमुन्याचे काम थांबविले असल्यास नवे यंत्रच घ्यावे लागते. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आला. विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा-चिप व नवा प्रक्रियक ज्या संगणकांत नाहीत, त्यांच्यापुढे लिनक्स बसविणे किंवा यंत्र बदलणे असे दोन मार्ग आहेत. यांतील पहिला मार्ग खर्चाच्या दृष्टीने सोयीचा असला, तरी ठशाच्या व स्वाक्षरीच्या उपकरणांचे लिनक्ससाठीचे ड्रायव्हर उत्पादकाने दिले आहेत की नाहीत, हे तत्पूर्वी पाहावे लागते.